‘गुडघा गेला’ : मैदानाकाठची बोली आणि आपले वाङ्मय

आपल्या टीकाकारांनी बोलींचा विचार पुष्कळ केला आहे. शेतकऱ्याची बोली, तमासगिरांची बोली, जात्यावर बसलेल्या बायकांची बोली यांतले सौंदर्य त्यांनी उलगडून दाखवले, आणि त्या विचाराने ग्रामीण कथेला बळही आले. मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाचे बोलणे मात्र कोणी मन लावून ऐकलेले दिसत नाही. हा माणूस स्वतः खेळत नाही. कधीकाळी खेळत असेल; आता त्याचे पोट सुटले आहे, दुकान किंवा नोकरी मागे लागली आहे. तरी संध्याकाळ झाली की त्याची पावले मैदानाकडे वळतात, आणि तेथे तो बोलतो. सामना तास-दीड तासात संपतो. त्याचे बोलणे आठवडाभर चालते. या बोलण्याला स्वतःची स्मृती आहे, रूढी आहेत, कथा सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. म्हणजे वाङ्मयाचा कच्चा माल जेथे तयार होतो अशा जागांपैकी ही एक जागा आहे. त्या मालाचे गुण कोणते, त्यात खोट कोठे आहे, आणि आपल्या कथा-कादंबरीने त्याचे काय केले, एवढाच या लेखाचा विषय.

कोणी म्हणेल, ही तर रिकामटेकड्यांची बडबड; तिला टीकेच्या तराजूत कशाला घालता? पण पारावरच्या गप्पा म्हणजे तरी दुसरे काय होते? त्या रिकाम्या वेळेतूनच व्यंकटेश माडगूळकरांना आणि शंकर पाटलांना माणसे सापडली. गप्पा थोर नसतात, हे खरे. पण समाज आपले खरे मत गप्पांतच बोलून जातो. भाषणात तो ते झाकतो.

या बोलीचे सर्वांत भरघोस रूप ऐकायचे तर कोल्हापूरला जावे. आम्हा नंदुरबारकरांना कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक; तेथली भाषाही कानाला निराळी. फुटबॉल हा खेळ आपण मुंबईचा किंवा गोव्याचा समजतो. कोल्हापुरात तो पेठांचा आहे. संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. तालीम म्हणजे आखाडा. लाल मातीत अंग घुसळणाऱ्यांच्या संस्थांनी पायाखाली चेंडू घेतला, पण नाव टाकले नाही. मंगळवार पेठेची पाटाकडील आणि शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ यांची शाहू स्टेडियमवर गाठ पडली की घराघरांत त्या दिवसाचा स्वयंपाक लवकर आटोपतो. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. तेव्हा ही हौस नुसत्या आरोळ्यांची आहे, असेही म्हणता येत नाही.

पायऱ्यांवर बसून कान दिला तर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की ही माणसे प्रत्यक्ष खेळाविषयी फार थोडे बोलतात. त्यांच्या बोलण्याचे विषय तीन. कोणाला काय लागले आहे. मैदान कसे आहे. आणि आपली तालीम, आपली पेठ, आपली शाळा पूर्वी काय होती. शरीर, जागा आणि वंश असेच हे तीन विषय आहेत म्हणा ना. जुन्या पोवाड्याचे विषय तरी याहून निराळे कोठे होते?

पहिला विषय घेऊ, कारण खोट तेथेच आहे.

“त्यो नऊ नंबर कुठं हाय रं?”

“त्याचा गुडघा गेलाय.”

“मग ह्या सालचं काय खरं न्हाई.”

हा संवाद कोल्हापूरचा. आमच्या खानदेशात यात्रेतल्या कुस्तीच्या फडापाशी किंवा कबड्डीच्या मैदानापाशी उभे राहा. अहिराणीत ऐकू येईल, “त्याना गुडघा गया भो, आते काय?” दोन टोकांच्या दोन बोली, पण क्रियापद एकच. गुडघा गेला. खांदा गेला. पोरगा गेला.

मराठी भाषेने आखाड्याकडून किती घेतले आहे! चारी मुंड्या चीत करणे, अस्मान दाखवणे, धोबीपछाड घालणे, शड्डू ठोकणे, दंड थोपटणे, पाठ लावणे. जिंकणे आणि हरणे यांच्या नाना छटांसाठी आपल्यापाशी शब्दांची पेटी भरलेली आहे. पण ज्याच्या अंगावर हे सारे घडते त्याला लागले, तर त्यासाठी एकच शब्द : गेला. पैसा गेला, पीक गेले, अब्रू गेली, म्हातारा गेला, तसाच गुडघा गेला. ‘मोडला’ म्हटले तर जोडण्याची गोष्ट निघते. ‘दुखावला’ म्हटले तर बरा होण्याची आशा राहते. ‘गेला’ म्हटले की विषय संपतो, आणि पुढचे वाक्य संघाविषयी सुरू होते. वरच्या संवादातले तिसरे वाक्य पुन्हा वाचावे. त्यात तो नऊ नंबरचा मुलगा कोठेही नाही. आहे ते फक्त ‘ह्या सालचं’.

वर्तमानपत्रांची भाषा तरी बरी म्हणावी, तर तीही नाही. पूर्वी तेथे ‘जायबंदी’ हा शब्द असे. त्याने निदान लढाई डोळ्यांसमोर उभी राहत असे. जायबंदी शिपायाला उचलून आणण्याचे कर्तव्य त्या शब्दात गृहीत होते. आता ‘दुखापतग्रस्त’ म्हणतात. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या रांगेत नेऊन बसवलेला हा शब्द आहे. फरक इतकाच की पूरग्रस्ताकडे निदान तलाठी पंचनाम्याला येतो.

आता वैद्यकाची बाजू पाहू. पाय जमिनीत रोवलेला असताना धड एकदम वळले, की गुडघ्यात फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे जे दोन बंध असतात त्यांपैकी पुढचा तुटतो. यालाच हल्ली सारे ‘लिगामेंट’ म्हणतात. हाड जसे प्लास्टरमध्ये सांधते तसा हा बंध सहसा सांधत नाही. मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा स्नायूबंध काढून त्याच्या जागी बसवावा लागतो, आणि पुढे निदान नऊ महिने, कधी वर्षभर, रोज व्यायाम करून पाय पुन्हा शिकवावा लागतो. घाईने मैदानात उतरले तर तोच बंध पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. म्हणजे आजोबांच्या काळी ‘गुडघा गेला’ हे वाक्य बव्हंशी खरे होते. आज ते खरे राहिलेले नाही. आज गुडघा जात नाही. पैसा, सोय आणि वर्षभराचा धीर यांच्या अभावी तो जाऊ दिला जातो. बोली मात्र जुन्याच क्रियापदाला धरून बसली आहे, कारण त्या क्रियापदाने कोणावरच जबाबदारी येत नाही.

येथे एका मुलाची हकीकत सांगणे मला भाग आहे. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा हा मुलगा माझ्या वर्गात होता. चढाईला गेला की सापडत नसे. जवळच्या एका गावी रात्रीचे सामने होते. जमीन मुरमाची, वर फक्कीच्या रेघा, चहूकडे दिवे. चढाई करून परतताना त्याचा घोटा धरला गेला आणि अंग वळले. आयोजकांनी गुडघ्यावर थंड फवारा मारला, लाउडस्पीकरवरून त्याचे नाव पुकारले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बदली खेळाडू आत गेला. पंधरा दिवस बाजारात तीच चर्चा चालली. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. वाकून कोयता चालवणे जमत नसल्याने मोळ्या बांधीत असे. पुढे दोन वर्षांनी भेटला तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली. एका चहाच्या टपरीवर कोणी अनोळखी माणूस त्या रात्रीच्या सामन्याचे वर्णन करीत होता. पोराने एका चढाईत पाच गडी मारले, गुडघा गेला नसता तर राज्याकडून खेळला असता, वगैरे. “सर, तो मला माझीच गोष्ट सांगत होता,” एवढे बोलून मुलगा हसला. आणि गडी पाच नव्हते, दोन होते, हेही त्याने सांगितले.

प्रेक्षकाच्या बोलीचा सारा गुण आणि सारा दोष या प्रसंगात आहे. तिची कथनशक्ती पाहा : दोनाचे पाच झाले, हरवलेल्या रात्रीला आकार आला, श्रोते खिळून राहिले. पण माणूस जसजसा दिसेनासा होत गेला तसतशी गोष्ट रंगत गेली. समोर उभ्या असलेल्या नायकाला निवेदक ओळखू शकला नाही. सवंग वाङ्मय हेच करीत असते. दुःखाची आख्यायिका होते आणि दुःख भोगणारा मोळ्या बांधीत राहतो.

हे अटळ आहे असे मात्र मानू नये. दुखापतीविषयीच्या बोलण्यातून कृती निघाल्याचे उदाहरण आपल्याच क्रीडेतिहासात आहे. १९६२ च्या मार्च महिन्यात बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर आदळला. जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, रक्त लागले. रक्त देणाऱ्यांत चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर हे सोबती तर होतेच. पण प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. बंगालची क्रिकेट संघटना वॉरेलच्या नावाने दरवर्षी ३ फेब्रुवारीस रक्तदान घडवून आणते. म्हणजे एका चेंडूची गोष्ट आजही सांगितली जाते, आणि ती सांगता सांगता माणसे बाही वर करतात. गोष्ट सांगण्याची ही दुसरी रीत आहे. हिच्यात जखमी माणूस गोष्टीच्या मध्यभागी राहतो.

दुसरा विषय मैदानाचा. कोल्हापुरातील खासबागेचे कुस्तीचे मैदान शाहू महाराजांनी बांधवले. कोठेही बसा, मधला हौद सारखाच दिसतो, ही त्याची कीर्ती. कोल्हापूरकर ती आपल्या घराची असावी तशी सांगतात. मुंबईचे वानखेडे स्टेडियम तर प्रेक्षकांच्या जागांवरूनच जन्मले. ब्रेबॉर्नच्या मालक क्लबाशी तिकिटांच्या वाटपावरून वाद झाला आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उठवले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली, आणि क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा केल्या. हे सारे प्रेक्षकाला तोंडपाठ असते, आणि त्याचा अभिमान रास्तही आहे. माणसाला आपली बसण्याची जागा प्रिय असायचीच.

पण जुन्या आखाड्याच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती. तेथे मातीची चर्चा होत असे. आखाड्याची लाल माती चाळून घेत, तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालीत, ती पुनःपुन्हा खणून मऊ ठेवीत. पडणाऱ्याची पाठ कोठे टेकणार आहे याची काळजी त्या मातीत मिसळलेली होती. कोणत्या तालमीची माती कशी, यावर म्हातारे पैलवान तासन्‌तास बोलत. आजच्या बोलण्यात दिवे किती, खुर्च्या किती, पडदा केवढा हे येते. खेळणाऱ्याच्या पायाखाली काय आहे हे येत नाही. मुरमावर फक्की मारून मैदान तयार झाले असे आपण म्हणतो, तेव्हा मैदान प्रेक्षकांसाठी तयार झालेले असते.

तिसरा विषय परंपरेचा, आणि येथे बोली सर्वांत जास्त फुगते. ‘आमच्या तालमीचा नाद करायचा न्हाई’ हे वाक्य ऐकायला झणझणीत लागते. परंतु परंपरा या शब्दाचा भार ज्यांनी वाहिला त्यांची उदाहरणे पाहिली की आरोळीचे वजन कळते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारतातील खेळाडूने एकट्याच्या खेळात मिळवलेले ते पहिले पदक. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे गृहस्थ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. प्रवासाला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कॉलेजची परंपरा म्हणायची ती याला. परत आल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली, ती प्रेक्षकांच्या आठवणीत राहिली. गहाणखताची आठवण मात्र पुष्कळ कमी लोकांना आहे. आणि अर्जुन पुरस्कार जेव्हा खाशाबांच्या नावे झाला, तेव्हा १९८४ मधील अपघाती निधनाला दीड दशक उलटून गेले होते. गर्दीची स्मृती मिरवणुकीपाशी थांबते. तेथून पुढचे आयुष्य ज्याचे त्याने काढायचे.

आमच्या नंदुरबारात परंपरेचा दुसरा एक अर्थ मुलांना लहानपणापासून ठाऊक असतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथे निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा हे पाच कोवळे जीव पडले. त्या प्रसंगाची आणि खेळाची तुलना मी करीत नाही. करणे अशोभनीय होईल. सांगायचे आहे ते एवढेच की येथली शाळकरी मुले पाचही नावे अडखळल्याशिवाय म्हणतात. पडलेल्याचे नाव लक्षात ठेवण्याची शक्ती आपल्या समाजात आहे. ती मैदानापाशी येऊन का आटते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता वाङ्मयाकडे वळू. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे समालोचन मराठीत आणले आणि मैदान घराघरांत नेले. वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्रातील खेळाच्या मजकुराला प्रतिष्ठा दिली. कबड्डी, खो-खोसारख्या देशी खेळांकडेही चिकित्सक दृष्टीने पाहायला वाचकाला शिकवले. पण समालोचक सामन्याबरोबर थांबतो आणि वार्ताहराला दुसऱ्या दिवशीचे पान भरायचे असते. सामना संपून गर्दी पांगल्यावर जो मागे राहतो, तो कादंबरीकाराच्या वाट्याचा माणूस.

आपल्या कादंबरीने त्याला पाहिले काय? अगदीच नाही असे नाही. ‘बनगरवाडी’त एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीकडून तालीम बांधून घेतो. कोणी श्रम देतो, कोणी सामान आणतो, राजा स्वतः पाहायला येतो. आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. मैदान कोण बांधते, कशासाठी बांधते आणि माणसे गेल्यावर त्याचे काय उरते, हे माडगूळकरांनी असे दाखवले आहे की स्टेडियमवरच्या साऱ्या गप्पा त्यापुढे उथळ वाटाव्यात. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा पैलवानी अंगाचा गडी, नाच्या होण्यासाठी तो ते अंग मोडून घेतो, आणि गावाची नजर त्याला जिवंतपणी सोलून काढते. येथे प्रेक्षक हा दुखापतीचा साक्षी राहत नाही, तोच दुखापत करतो. आणि याच लेखकाने आपल्या आत्मचरित्राला ‘झोंबी’ हे आखाड्यातले नाव दिले, पण त्यातली कुस्ती शाळेत जाण्यासाठी आहे. आखाड्याची भाषा शरीराकडून आयुष्याकडे कशी न्यावी, याचा तो धडा आहे.

तरीही हिशेब करता एवढेच हाती लागते की मोठ्या लेखकांनी तालीम आणि पैलवान यांना आपल्या मोठ्या विषयांच्या अनुषंगाने स्पर्श केला. मैदानाकाठची बोली, तिच्यातला गोडवा आणि तिच्यातली निर्दयता, ही स्वतंत्र विषय म्हणून कोणी हाती धरली असे मला तरी आठवत नाही. याचे एक कारण आपली अभिरुची आहे. खेळ म्हणजे पोरकट, हे आपल्या सुशिक्षित मनात पक्के बसले आहे. दुसरे कारण अधिक अवघड आहे. या विषयावर लिहू जाणारा लेखक दोन्ही बाजूंनी घसरण्याचा संभव असतो. एकीकडे गर्दीच्या भाषेची चटक लागते, ‘नाद खुळा’ म्हणत तो स्वतःच पायऱ्यांवर जाऊन बसतो आणि दोनाचे पाच करू लागतो. दुसरीकडे जखमी खेळाडूची कीव करता करता त्याचे रडगाणे लिहितो. त्या मुलाच्या हसण्याला तेथे जागाच राहत नाही. मुलगा हसला होता, आणि त्याने आकडा दुरुस्त केला होता. त्या दुरुस्तीत जो ताठा आहे तो ज्या लेखकाला ऐकू येईल, त्यानेच हा विषय घ्यावा.

प्रेक्षकाला दोष देऊन तरी काय साधणार? कोल्हापुरात हुल्लडबाजीपायी सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग घडले आहेत. पण गर्दीचा तो उघड दोष आहे, त्याला पोलीस आहेत. ‘गेला’ या शब्दातली निर्दयता उघड दिसत नाही, कारण ती प्रेमाच्या स्वरात बोलली जाते. चुकचुकत, मान हलवत, हळहळत माणसे ते वाक्य उच्चारतात, आणि त्यांची हळहळ खोटी नसते. ती फक्त आखूड असते. ती लांबवणे हे वाङ्मयाचे काम आहे. बोलीला नवे शब्द लेखक देऊ शकत नाही. पण बोलीने टाकलेल्या वाक्यापुढे तो प्रश्न विचारू शकतो. कोणी ‘पोरगा गेला’ म्हटले, तर कोठे गेला, कोणाबरोबर गेला, कोणत्या फडावर मोळ्या बांधतो आहे, हे विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत लिहीत राहावे. मराठी कादंबरी अजून सामना सुटताच गर्दीबरोबर घरी जाते आहे.